धायटी होणे

फाल्गुनाच्या मध्यावर सह्याद्रीच्या उतारांवरून हिरवा रंग निघून जातो. गवत आधी सोनेरी होते, मग करडे होते, मग पायांखालचा नुसता एक कुरकुरता आवाज होऊन उरते. ओढ्यांच्या पात्रांतून पाण्याच्या जागी ऊन वाहते. कातळ तापतो, वारा तापतो, आणि निःस्तब्ध दुपारी घारीची सावलीसुद्धा डोंगरावरून जपून सरकते, जणू तिचे पाय भाजतील.

नेमक्या याच ऋतूत धायटी फुलते.

फुलते, की पेटते? लांब, लवलेल्या, धनुष्याकृती फांद्या. आणि फांदीच्या बुडापासून टोकापर्यंत दाटलेली नखाएवढी, नळीसारखी, तांबडी फुले. ताम्रारुण, रक्तारुण, संध्यारुण. बाकीच्या रानाने जिथे हात टेकले तिथे ही काटक झुडुपे, कुणी न लावलेली, कुणी न शिंपलेली, उतारामागून उतार उजळीत जातात.

अशाच एका उताराच्या पायथ्याशी, कातळवेढे नावाच्या वस्तीपाशी, एका सकाळी शरयू ठोसर एसटीतून उतरली. तिच्या पिशवीत पाण्याची बाटली होती, वही होती, आणि एक शब्द होता, ज्याचा अर्थ तिला ठाऊक नव्हता.

शरयू पुण्याला बोलीभाषांच्या एका कोशात काम करी. एकोणीस वर्षे ती शब्दांच्या चिठ्ठ्या लावीत आली होती. गावोगावच्या प्राथमिक शिक्षकांनी पूर्वी कधी तरी लिहून पाठवलेल्या, पोस्टकार्डाएवढ्या, कडांनी पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या. त्यांवर नांगराचे अवयव होते, माशांच्या जाती होत्या, शिव्या होत्या, अंगाईतली निरर्थक अक्षरे होती. त्या सगळ्यांना अर्थ मिळे. रानझुडपांना मात्र मिळत नसे. कुठलाही कोश उघडावा, त्यांच्यापुढे एकच ओळ असायची : एक रानझुडूप. शेकडो नावे, शेकडो गंध, शेकडो रंग, आणि सगळ्यांचा मिळून एकच अर्थ. शरयूला ते नेहमी बोचे.

‘ध’च्या गठ्ठ्यात तिला ही चिठ्ठी सापडली होती. वळणदार, निळसर शाईचे अक्षर. चौतीस वर्षांपूर्वीची तारीख. कातळवेढ्याच्या शाळेतल्या धादवड गुरुजींची सही. शब्द : धायटी. पहिला अर्थ : एक रानझुडूप. आणि खाली दुसरी नोंद : धायटी होणे. वाक्य : फाल्गुनात ती धायटी झाली, म्हणून ती जगली.

अर्थाच्या रकान्यात लिहिले होते : ठाऊक आहे. लिहिण्याची परवानगी नाही.

शरयूने ती ओळ तीनदा वाचली. शब्दाचा अर्थ हरवलेला तिने पाहिला होता, बदललेला पाहिला होता, विटलेला पाहिला होता. पण माहीत असूनही राखलेला अर्थ? आणि त्या वाक्यातल्या दोन ‘ती’? धायटी झाली ती कोण, जगली ती कोण? एकच बाई, की दोघी?

“पुढच्या आठवड्यात ‘ध’ छपाईला जातो, शरयूताई,” संपादक कुंटे सर म्हणाले. “झुडूप लिहा आणि पुढं चला.”

“सर, माणूस झुडूप होतं का?”

कुंट्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “दोन दिवस,” ते म्हणाले.

धादवड गुरुजी कधीच निवर्तले होते. शाळेतल्या आताच्या शिक्षकांनी वस्तीवरच्या अंगणवाडी सेविकेचा नंबर दिला होता, आणि ती, कांता केंगले, थांब्यावर येऊन उभी होती. छत्तीस वर्षांची, उन्हाने तांबूस झालेली, चालताना वाऱ्याच्या पुढे राहणारी. वस्तीतल्या एकतीस लेकरांची वजने तिला तोंडपाठ होती, आणि एखाद्याचे पाव किलो घटले तर तिची झोप उडे.

“धायटी व्हय?” ती हसली. वाटेवरचे एक फूल तिने खुडले, त्याचे बूड ओठांशी धरले आणि ओढले. “असं. घ्या ताई, तुम्ही पण.”

शरयूने ओढले. जिभेच्या टोकावर एक थेंब आला, मोहरीएवढा, मधुर, आणि विरला. एवढ्या रणरणत्या, तृणदग्ध, तहानलेल्या डोंगरावर तो थेंब कुठून आला, याचे तिला नवल वाटले.

“पोट बिघडलं की वाळली फुलं ताकातून देतात,” कांता सांगत होती. “पूर्वी लुगडी रंगवायचे म्हणे. आता औषधवाले येऊन पोती भरून नेतात. एवढंच. झुडूप आहे ते.”

“आणि ‘धायटी झाली’ म्हणजे?”

“कोण झाली?”

“तेच विचारायला आलेय.”

कांताने भुवया उंचावल्या. छत्तीस वर्षे ती इथेच होती. इथेच जन्मली, इथेच नांदली. तिने असे बोलणे ऐकले नव्हते. “चला,” ती म्हणाली, “आपण विचारूच.” तिच्या पावलांना आता शरयूचेच कुतूहल चढले होते.

हातपंपावर एक बाई हंडा भरत होती. प्रश्न ऐकून ती हसली, सांगायला म्हणून तोंड उघडले, आणि तिची नजर कांताकडे गेली. हसू तसेच राहिले, शब्द मात्र परत फिरले. “आमच्यात तसं न्हाय म्हनत,” ती म्हणाली आणि अर्धाच हंडा घेऊन निघाली.

सुपात नाचणी पाखडणारी एक म्हातारी म्हणाली, आपल्याला ऐकू येत नाही. कांता म्हणाली, काल तर येत होतं. म्हातारी पाखडीत राहिली.

ओट्यावर वाखाची दोरी वळत बसलेले कोंडाजीबाबा गवारी म्हणाले, “गुरुजींच्या येळचं कायतरी आसंल.” आणि तेही कांताकडे पाहून गप्प झाले, मायेने पाहून, अपराध्यासारखे पाहून.

शरयूचे आयुष्य शब्दांत गेले होते, आणि शब्दांत राहणाऱ्या माणसाला शब्दांमधली फट आधी दिसते. पण ती काही बोलण्याआधीच कांता म्हणाली, अगदी हळू, “ताई, सगळे माझ्याकडं का बघतायत?”



तेवढ्यात अंगणवाडीकडून कुणीतरी हाक मारली. खाऊ शिजला होता, लेकरे पंगतीत बसून खोळंबली होती. कांता गेली. जाताना दोनदा वळून पाहत गेली.

ती वळणाआड झाल्यावर कोंडाजीबाबांनी दोरी खाली ठेवली. “वरल्या पाड्यावर बुधाबाई डामसे ऱ्हाते,” ते म्हणाले. “तिला विचारा. पन बाई, येकल्या जा.”

वरच्या पाड्याची वाट धायटीतूनच जात होती. दोन्ही अंगांनी फांद्या झुकलेल्या, फुलांवर मधमाश्यांचा अखंड, मंद्र, सोनेरी गुणगुणाट. मुंग्यांच्या रांगा होत्या, चिमुकले शिंजीर पक्षी होते. एक वासरू मान उंचावून फांदी चाटीत होते. साऱ्या उजाड डोंगराची तहान त्या झुडपांभोवती गोळा झाली होती. शरयू चढत होती आणि प्रत्येक वळणावर थांबत होती. थोडा दम लागला म्हणून, थोडी भीती वाटली म्हणून. जो अर्थ एवढी माणसे मिळून झाकतात, तो उघडणारी ती कोण?

बुधाबाई कातळावर बसली होती. साठीची, सडपातळ, ताठ कण्याची. तिच्यापुढे एक जुने हिरवे लुगडे पसरले होते आणि त्यावर धायटीची फुले वाळत होती. ओंजळीने ती फुले वरखाली करीत होती, जशी झोपलेल्या लेकराची कूस बदलावी.

शरयूने नाव सांगितले, काम सांगितले, चिठ्ठी काढली.

“मला वाचता येत न्हाय,” बुधाबाई म्हणाली. मग मान वाकवून तिने कागद पाहिला. “गुरुजींचं अक्षर का?”

“हो.”

तिने बोटाने त्या निळ्या शाईला स्पर्श केला. कागदाला नव्हे, शाईला. “त्येंनी ऐकलं माजं,” ती म्हणाली. “लिवलं न्हाय.”

“परवानगी तुम्ही दिली नव्हती, मावशी?”

“मीच न्हाय म्हनले.”

तिने पुन्हा फुलांत हात घातला. मग तिने सांगितले. सरळ, संथ, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट.

“माजा ल्योक नवव्या दिशी गेला. नावबी ठिवलं न्हवतं. मी छातीला फडकी बांधून पडले व्हते. दूध काय आसं जातंय व्हय? त्येला कुठं ठावं, पोर गेलं म्हून.”

वारा थांबला होता.

“शेजारच्या घरात यमुना बाळंत झाली, अन् तिसऱ्या दिशी तापानं गेली. पोरगी रडत व्हती. सकाळधरनं रडत व्हती. मग तिची आजी आली. काय बोलली न्हाय. पोरगी माज्या पदरात ठिवली अन् उंबऱ्याभाईर जाऊन बसली.”

“मग?”

“मग काय. पोरगी प्याली.”

एवढेच. पण त्या दोन शब्दांत एक अख्खा फाल्गुन होता. एक ओली जखम होती, एक कोरडा कंठ होता, आणि दोघींमधले नवजात, आंधळे, अधीर ओठ होते.

“आमच्याकडं दुसरीच्या पोराला पाजलं का म्हनायचे, ती धायटी झाली,” बुधाबाई म्हणाली. “बघ की. ह्या दिसांत गाय आटती, झरा आटतो, गवताला पान ऱ्हात न्हाय. ही तेवडी गोड आसती. मुंगी यिऊ दे, पाखरू यिऊ दे, वासरू यिऊ दे. तू कुनाची, आसं इचारत न्हाय.”

शरयूची लेखणी वहीवर टेकली होती, हलत नव्हती.

“दीड वर्सानं पोरीच्या बापानं दुसरी केली. केसर. लई गुनाची बाई. पन पोरगी तिच्या हातातनं हिसडा मारून माज्याकडं पळायची. केसर दारात उभी ऱ्हाऊन बघायची. तिचं तोंड बघवंना मला. मग मीच वस्तीला म्हनले, ह्यो सबूद आता बंद. पोरीला येकच आई आसू दे. अन् मी हितं वर ऱ्हायला आले.”

“सगळ्यांनी ऐकलं?”

“ऐकलं.”

चौतीस वर्षे. शरयूने मनातल्या मनात ती वर्षे मोजली आणि तिला गलबलून आले. पाणवठ्यावर, खळ्यावर, लग्नमांडवात, भांडणात, थट्टेत, शंभर जिभांनी एक शब्द टाळला होता. कुणी ठराव केला नव्हता, कुणी दंड ठेवला नव्हता. एका पोरीच्या मनाला ओरखडा उठू नये म्हणून एका वस्तीने आपल्या भाषेतून एक शब्द अलगद काढून घेतला होता, पायातला काटा काढावा तसा. आणि ती स्वतः सकाळपासून तोच शब्द घेऊन दारोदार हिंडली होती.

“ती पोरगी,” शरयूने विचारले, आणि उत्तर तिला विचारता विचारताच कळले, “ती कांता.”

बुधाबाईने मान हलवली.

“मावशी, मी तिच्यासमोरच विचारत फिरले. सगळ्यांना.”

फुलांतला हात थांबला. “तिच्या म्होरं?”

“मला माहीत नव्हतं.” शरयूचा आवाज खाली गेला. “मी ‘एक रानझुडूप’ एवढंच लिहीन. ही चिठ्ठी इथंच फाडते. कोशात काही जाणार नाही.”

 बुधाबाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एक जुने, जपलेले, झाकलेले भय होते, आणि त्या भयाच्या तळाशी आणखी काही होते, जे शरयूला ओळखता येईना. “केसर जाऊन दोन वर्सं झाली,” ती अखेर म्हणाली, जणू स्वतःलाच.

तेव्हा फुलांवर एक सावली पडली.

कांता उभी होती. धापा टाकीत, कपाळावर घाम, ओच्याला अजून खिचडीचे शीत चिकटलेले. पंगत उठवून, दार ओढून ती तशीच चढून आली होती. तिने काही ऐकले नव्हते. ऐकायची गरज तिला पडली नव्हती. वस्तीच्या नजरांनीच तिला वाट दाखवली होती.

“बुधाआत्या,” ती म्हणाली, “धायटी होणं म्हंजे काय?”

शरयूने चिठ्ठी मुठीत घेतली. वाऱ्याची एक झुळूक लुगड्याच्या काठाखाली शिरली, काठ उचलला गेला, पुन्हा बसला.

चौतीस वर्षे राखलेला शब्द म्हातारीच्या ओठांशी आला, थबकला, आणि मग तिने तो सोडला.

“यमुना तुजी जन्माची आई. तू तीन दिसांची आसताना गेली ती. तवा तू मला प्यालीस. दीड वरीस. त्येला म्हनत्यात.”

कांता खाली बसली. पाय मुडपून नव्हे. कुणी बसवावे तशी. तिच्या चेहऱ्यावरून एकामागून एक काही सरकत गेले. लहानपणी ताप आला की मागल्या दारी कुणीतरी उभे असे, आत न येणारे. तिच्या लग्नात हळदीला हात न लावता मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिलेली आत्या. तिच्या पहिल्या बाळंतपणात रोज सकाळी दारात ठेवलेली, कुणी ठेवली ते कुणी न सांगितलेली अळिवाची वाटी.

“आणि केसरआई?” तिने विचारले.

“आई ती,” बुधाबाई म्हणाली. तिचा आवाज प्रथमच कठोर झाला. “वाढवलं तिनं, निस्तरलं तिनं. आई तीच. तिच्यात मला घालू नगंस. मी धायटी.”

 मग, रडू आवरताना माणूस आपल्या रोजच्या कामाचा आधार धरते तसे, कांता म्हणाली, “आम्ही बायांना सहा महिने सांगतो. सहा महिने निव्वळ अंगावरचं, मग वरचं खाणं सुरू करायचं.”

“वरचं व्हतं कुठं त्या साली,” बुधाबाई म्हणाली.

आणि दोघी हसल्या. आधी थोडे, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि पाणी आल्यावर हसणे थांबले, पाणी थांबले नाही.

शरयूने दूर डोंगराकडे पाहिले.  उन्हे कलली होती. उतारांवरची झुडुपे केशरी झाली होती. तिला जुन्या निघंटूंमधली या झाडाची संस्कृत नावे आठवली. ताम्रपुष्पी. वह्निज्वाला. बहुपुष्पी. आणि आणखी एक, जे ती ग्रंथालयात नुसते वाचून पुढे गेली होती.

“याला संस्कृतात धातृपुष्पिका असंही म्हणतात,” ती हळूच म्हणाली. “त्यात मला आता धात्री ऐकू येतेय. धात्री म्हणजे दूध पाजणारी.”

बुधाबाईने पदराने डोळे पुसले. “म्हंजी पुस्तकवाल्यांनाबी ठावं व्हतं,” ती म्हणाली.

मग कांताने चिठ्ठी मागून घेतली आणि मोठ्याने वाचली. फाल्गुनात ती धायटी झाली, म्हणून ती जगली. तिने मान वर केली. “आत्या, जगली ती मी ना?”

“गुरुजींनी वाचून दावलं तवा मीबी हेच इचारलं. म्हनले, जगली कोन? तर म्हनले, बुधा, तूच सांग.” ती फुलांकडे पाहत होती. “मी तवा हिरीवर जाऊन बसायचे, कांते. पान्यात बघत. तुजी आजी आली त्या दिशीबी मी तिथनंच उठून आले व्हते.”

 बोलण्यासारखे जे होते ते त्या वाक्यात चौतीस वर्षे लिहिलेलेच होते. दोन ‘ती’. दोघी धायटीच्या, दोघी जगलेल्या.

“लिव्ह,” बुधाबाई शरयूला म्हणाली. “आता लिव्ह. पन नाव घालू नगंस. ती अन् ती. गुरुजींनी लिवलंय तसंच.”

शरयूने गुडघ्यावर वही ठेवून लिहिले. तिने आजवर हजारो अर्थ लिहिले होते. हा तिने शब्द शब्द तोलून लिहिला. मग तिने ते वाचून दाखवले. दुसरीच्या लेकराला आपले दूध देऊन जगवणे. बुधाबाईने ऐकले, क्षणभर विचार केला, आणि म्हणाली, “जगवनं अन् जगनं. दोनी घाल.” शरयूने दोन्ही घातले.

शेवटची एसटी साडेपाचला होती. शरयू उठली, नमस्कार करायला वाकली. बुधाबाईने तिच्या ओंजळीत वाळकी फुले ओतली. “पोट बिगडलं तर,” ती म्हणाली. “ताकातनं.”

उताराच्या पहिल्या वळणावर शरयू थांबली आणि मागे वळून पाहिले. कातळावर दोघींनी फुले पाटीत भरली होती. आता ते रिकामे हिरवे लुगडे एकीने एका टोकाला धरले, दुसरीने दुसऱ्या. त्यांनी ते झटकले. तांबडी भुकटी उन्हात उडाली. मग घडी घालण्यासाठी कांता चालत आली, तिने आपली टोके बुधाबाईच्या हातात दिली, खाली वाकून दुमड उचलली, आणि मागे गेली. पुन्हा आली, पुन्हा दिली, पुन्हा मागे गेली. दर घडीला मागे जायचे अंतर निम्मे होत होते. आधी दहा पावले, मग पाच, मग दोन. शेवटी लुगडे एवढेसे झाले की एका हातात मावावे, आणि तरीही, कलत्या उन्हात, त्या तापल्या कातळावर, चार हातांनी ते धरून दोघी तशाच उभ्या राहिल्या.